ट्रिगर दाबला की लगेच सुटली पाहिजे: एईजीचा रिस्पॉन्स कसा सुधारायचा

एईजी म्हणजे एअरसॉफ्ट खेळातली बॅटरीवर चालणारी गन, आणि बीबी म्हणजे तिची प्लास्टिकची बारीक गोळी. ट्रिगर दाबला, मोटर घुर्र करते, मग निवांत बीबी बाहेर पडते आणि समोरचा तोवर ड्रमच्या मागे पसार. असं होत असेल तर हे वाचा. आधी एक घोळ मिटवू, रेट ऑफ फायर वाढला म्हणजे रिस्पॉन्स सुधारला असं नाही. ऑटोवर सेकंदाला किती सुटतात ते वेगळं, आणि सेमीवर, म्हणजे एका दाबाला एक बीबी, बोट हलल्यापासून पिस्टन (हवेने बीबी ढकलणारा) सुटेपर्यंत किती वेळ जातो ते वेगळं. हा वेळ तीन ठिकाणी जातो: ट्रिगरच्या रिकाम्या प्रवासात, थांबलेल्या मोटरने वेग पकडण्यात, आणि गिअर फिरून पिस्टन मागे ओढला जाण्यात.

काहीही उघडायच्या आधी मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो-मो घ्या, बोट दिसेल आणि समोर काळा कपडा येईल असा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. बोट हललं तिथून बीबी दिसेपर्यंत फ्रेम मोजून लिहून ठेवा, नाहीतर पैसे खर्च केले की सगळंच फास्ट वाटायला लागतं. गॉगल घालूनच.

पहिला खर्च बॅटरीवर. जुनी ८.४ व्होल्टची निकेलवाली बॅटरी, मोटर सुरू होताना लोडखाली व्होल्टेज टाकते, आणि रिस्पॉन्सला नेमका तोच क्षण लागतो. ७.४ ची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घ्या, सी रेटिंग बघून, म्हणजे ती किती करंट देऊ शकते ते. १३०० एमएएच आणि २० सी म्हणजे १.३ गुणिले २०, कागदावर २६ अँपिअर. ११.१ लावली की फरक लगेच कळतो, पण साध्या ट्रिगर कॉन्टॅक्टवर ती लावू नका. का ते सांगतो.

माझी गन पावसाळ्याचे चार महिने बॅगेत पडून होती. मुंबईची हवा, काय बोलणार. ऑक्टोबरमध्ये दाबतोय तर कधी सुटते कधी नाही. गिअरबॉक्स उघडला तर ट्रिगर कॉन्टॅक्टच्या तांब्याच्या दोन पट्ट्या काळ्या, कडेला हिरवट, आणि जिथे टेकतात तिथे सुईने टोचल्यासारखे खड्डे. हिरवं ते दमटपणाचं, खड्डे ते ठिणगीचे. मोटरचा सगळा करंट या पट्ट्यांतून जातो, प्रत्येक वेळी ठिणगी पडते, आणि ११.१ वर ती आणखी मोठी पडते. बारीक पॉलिश पेपरने घासून, आयसोप्रोपिलने पुसून काम चालतं, पण काही महिन्यांनी परत तेच.

त्यावर खरा इलाज मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. ट्रिगरमधून फक्त इशाऱ्यापुरता करंट जातो, जड काम मॉसफेट करतो. तयार मिळतात, नाहीतर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर आयआरएलबी३०३४ नावाचा मॉसफेट घ्या, सोबत एक १०० ओम आणि एक ३३ के रेझिस्टर. मॉसफेटचे तीन पाय: सोर्स, ड्रेन, गेट. बॅटरीची मायनस सोर्सला, मोटरची मायनस ड्रेनला, बॅटरीच्या प्लसवरून ट्रिगर, तिथून १०० ओममधून गेट, आणि ३३ के गेट ते सोर्स. मोटरची प्लस सरळ बॅटरीला. फ्यूज ठेवाच. आणि लक्षात ठेवा, मॉसफेट बहुतेकदा शॉर्ट होऊनच मरतो आणि मग ट्रिगर न दाबता गन चालू राहते. त्याच फेरीत १६ एडब्ल्यूजीची सिलिकॉन वायर आणि डीन्स कनेक्टर पण घ्या, तो पांढरा टामिया कनेक्टर काढून फेका. एका दुकानदाराने मला जाड वायर म्हणून जाड इन्सुलेशनची वायर दिली होती, आत तांबं केसाएवढं, तेव्हा टोक सोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. त्यानंतर मोटर: निओडिमियम मॅग्नेटची हाय टॉर्क घ्या, हाय स्पीड नको. बसवल्यावर ग्रिपच्या खालचा स्क्रू पाव पाव फिरवत आवाज ऐका, कर्कश किंवा खरखर आली तर मागे घ्या. टॉर्क मोटर आणि ११.१ असेल तर १८:१ च्या जागी १३:१ गिअर (मोटरच्या साधारण १३ फेऱ्यांत पिस्टनची एक ओढ) चालतात, पिस्टन लवकर ओढला जातो. पण शिमिंग (पातळ वॉशर घालून गिअरची जागा जुळवणं) नीट जमत नसेल तर गिअरच्या वाटेला जाऊच नका, नुसते दात मोडतील.

गिअरबॉक्स उघडताना मॅगझिन काढा, हवेत दोन सेमी मारून चेंबर रिकामं करा, बॅटरी काढा, मगच स्क्रूला हात. मोटर काढली की अँटी रिव्हर्सल लॅच (गिअर उलटा फिरू न देणारी खिट्टी) बारीक स्क्रू ड्रायव्हरने सोडा, आणि गिअरबॉक्स व्हर्जन २ चा असेल तर मागच्या भोकातून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून मेन स्प्रिंग धरून ठेवा. लॅचची चिमुकली स्प्रिंग माझी डोळ्यादेखत उडाली आणि तीन दिवसांनी केरात सापडली, आई विचारते पेनातली आहे का.

राहिला ट्रिगरचा प्रवास. ट्रिगर आणि ट्रॉलीमध्ये (ट्रिगरने ढकलला जाऊन पट्ट्या जोडणारा सरकता तुकडा) जी मोकळी जागा असते ती भरायला ट्रिगरच्या मागे प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवला तरी पुरे, मी जुन्या मेट्रो कार्डाचा लावलाय. थोडं थोडं घासून बसवा आणि दर वेळी दोन गोष्टी तपासा: बोट सोडल्यावर ट्रॉली पूर्ण जागेवर येऊन परत पकडते का, आणि सेफ्टी लागते का. सेफ्टी लागत नसेल तर तुकडा अजून घासा.