'लुई' या फ्रेंच नावाचा अर्थ कसा काढायचा

सोळावा लुई आपल्याला शाळेच्या पुस्तकातूनच ओळखीचा. पण 'लुई' हे रूप शतकानुशतकं झिजून इतकं लहान झालंय की त्यावरून अर्थ काढायला गेलं की हमखास फसायला होतं. लॅटिन 'लुक्स', म्हणजे प्रकाश, याच्याशी ते जोडणं ही नेहमीची चूक. लुईचा आणि प्रकाशाचा काही संबंध नाही.

आधी जुनी लिखित रूपं गोळा करा आणि काळाच्या क्रमाने मांडा. इ.स. 511 मध्ये वारलेला, फ्रँक या जर्मानिक टोळीचा राजा क्लोव्हिस लॅटिनमध्ये 'क्लोडोवेकुस' असा लिहिला जाई. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या, 778 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव कागदपत्रांत 'ह्लुडोविकुस' असं येतं. पुढे 'लुडोविकुस', आणि शेवटी लुई. सुरुवातीचा 'क्ल' उच्चारात 'ख्ल' होता; त्याचा 'ह्ल' झाला, मग 'ह'ही गळला. म्हणजे क्लोव्हिस आणि लुई हे एकच नाव. अठरावा लुई म्हणताना क्लोव्हिस त्या मोजणीत येत नाही, इतकंच.

आता फ्रेंच स्पेलिंगमधला (Louis) शेवटचा 'एस'. तो लिहितात पण उच्चारत नाहीत, मग आला कुठून? 842 साली शार्लमेनच्या दोन नातवांनी घेतलेल्या स्ट्रासबुर्गच्या शपथा बघा. फ्रेंचचा हा सर्वांत जुना मजकूर मानतात. तिथे वाक्याचा कर्ता असताना 'लोधुविग्स' आहे, आणि 'कोन्त्रा', म्हणजे 'विरुद्ध', या शब्दानंतर नुसतं 'लोधुविग'. हा 'स' प्रथमेचा प्रत्यय आहे, संस्कृत 'रामः'मधल्या विसर्गाचा सख्खा भाऊ. त्यामुळे अर्थ शोधताना तो बाजूला काढायचा.

उरलेल्या नावाचे दोन तुकडे करा: 'ह्लूद' आणि 'विग'. विग म्हणजे लढाई. ह्लूद म्हणजे गाजलेला, ज्याचं नाव सर्वांच्या कानावर आहे असा. तुकडा बरोबर पडला का, हे मराठी माणसाला सहज पडताळता येतं. संस्कृत 'श'च्या जागी जर्मानिक भाषांत (जर्मन, इंग्रजी वगैरे) 'ह' येतो: शत आणि हंड्रेड, श्वान आणि हाउंड. त्याच नियमाने 'ह्लूद' जातो 'श्रु' धातूकडे. विश्रुत म्हणजे प्रसिद्ध, हा शब्द आपल्याकडे आहेच.

यानंतर 'रणात गाजलेला वीर' असं गोळीबंद भाषांतर करायचा मोह होतो. तो आवरा. जर्मानिक नावांत दोन तुकडे नेहमीच समासासारखे एका अर्थात गुंफलेले नसत. घराण्यातल्या पूर्वजांच्या नावांतले तुकडेही पुढच्या पिढीत जोडले जात. 'कीर्ती' आणि 'युद्ध' असे दोन अर्थ शेजारी ठेवणं जास्त प्रामाणिक.

शेवटी भावंडं तपासा: जर्मन लुडविग, इटालियन लुईजी, पोर्तुगीज लुईश, इंग्रजी लुईस, आणि पुस्तकी लॅटिनवरून पुन्हा घेतलेलं फ्रेंच लुडोव्हिक. जर्मन रूपात शेवटचा 'ग' शाबूत आहे, म्हणून तुकडे पाडताना तेच समोर ठेवा.

नामदिन, म्हणजे त्या नावाच्या संताचा सणाचा दिवस, मात्र अर्थावरून ठरत नाही. फ्रान्सचा नववा लुई 1270 मध्ये वारला, 1297 मध्ये संत ठरला. त्याचा दिवस 25 ऑगस्ट. इटलीच्या लुईजी गोन्झागाचा 21 जून. गोव्यात पोर्तुगीजांमार्फत आलेलं लुईस हे नाव असेल, तर ते कोणत्या संतावरून ठेवलं हे घरच्यांनाच विचारायला हवं.