अल्सर झालाय म्हणे, पण नेमका कुठला? हे कसं समजून घ्यायचं

रिपोर्टवर अल्सर लिहिलेलं दिसलं की आपण ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू करतो आणि विषय तिथेच संपतो, पण अल्सर हा एकच आजार नाहीये, म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा, जखम कुठे आहे आणि कशामुळे झालीये. पुढची ट्रीटमेंट यावरच ठरते.

आधी कुठे ते बघू. जठराच्या आतल्या अस्तराला जखम झाली तर तो गॅस्ट्रिक अल्सर, आणि जठर संपून लहान आतडं सुरू होतं त्या ड्युओडेनममध्ये झाली तर ड्युओडेनल अल्सर, दोन्हींना मिळून पेप्टिक अल्सर म्हणतात. अन्ननलिकेतही अल्सर होतो, पण तो बऱ्याचदा वर येणाऱ्या ॲसिडमुळे.

दुखतं बेंबीच्या वर, मधोमध. कधी दुखतं ते चार-आठ दिवस लिहून ठेवा, डॉक्टरांना खूप उपयोग होतो. गॅस्ट्रिकमध्ये साधारण जेवल्यावर थोड्याच वेळात दुखायला लागतं, मग माणूस खायलाच घाबरतो आणि वजन उतरतं. ड्युओडेनलमध्ये बऱ्याचदा उलटं, पोट रिकामं झालं की म्हणजे जेवणानंतर 2-3 तासांनी किंवा मध्यरात्री दुखतं आणि काहीतरी खाल्लं की बरं वाटतं. पण नुसत्या यावरून घरच्या घरी ठरवू नका, दोन्हींची लक्षणं सरमिसळ होतात आणि काहींना, खासकरून पेनकिलर घेणाऱ्या वयस्कर लोकांना, काहीच दुखत नाही आणि एकदम रक्तस्रावच होतो. खात्री एंडोस्कोपीनेच होते, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालून बघतात. गॅस्ट्रिक अल्सर असेल तर बायोप्सी, म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला सांगतात, त्याला घाबरून टाळू नका प्लीज, कारण कधीकधी अल्सरसारखी दिसणारी जखम कॅन्सरची असते, त्यामुळे ती भरली का हे बघायला परत एंडोस्कोपीही करायला सांगू शकतात. ड्युओडेनलमध्ये ही भीती फारच कमी.

आता कशामुळे, आणि खरं महत्त्वाचं हेच आहे. बहुतेक अल्सर दोनच कारणांनी होतात. एक म्हणजे एच. पायलोरी नावाचा बॅक्टेरिया. पूर्वी सगळा दोष टेन्शन आणि तिखटावर टाकायचे, मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा बॅक्टेरिया शोधला, लोकांना पटेना म्हणून मार्शलनी 1984 मध्ये स्वतःच तो पिऊन बघितला आणि त्यांच्या जठराला सूज आली! 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिखटाने आधीच असलेली जखम झोंबू शकते, पण जखम त्याने होत नाही.

दुसरं कारण पेनकिलर, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन. जठराला ॲसिडपासून वाचवणारा जो चिकट थर असतो तो या गोळ्यांमुळे कमकुवत होतो, त्यामुळे गुडघेदुखीसाठी रोज गोळी चालू असेल तर न विचारताच डॉक्टरांना सांगा. पण हार्टसाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र मनाने बंद करायची नाही.

क्वचित गॅस्ट्रिनोमा नावाच्या गाठीमुळे ॲसिड प्रचंड वाढून पुन्हा पुन्हा अल्सर होतात. आणि स्ट्रेस अल्सर म्हणजे ऑफिसच्या टेन्शनचा नव्हे, तो आयसीयूतल्या किंवा खूप भाजलेल्या अशा गंभीर पेशंटना होतो.

एच. पायलोरीची टेस्ट श्वासाची किंवा शौचाची असते. ॲसिड कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर बॅक्टेरिया असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून त्या साधारण 2 आठवडे आधी थांबवतात, आणि अँटिबायोटिक घेऊन 4 आठवडे झालेले असावेत. पॉझिटिव्ह आली तर अँटिबायोटिकचा कोर्स बहुधा 14 दिवसांचा, बरं वाटलं म्हणून मधेच सोडला तर बॅक्टेरिया राहतो आणि नंतर औषधांना दाद देत नाही. कोर्सनंतर किमान 4 आठवड्यांनी परत टेस्ट करून तो खरंच गेलाय का हे बघायचंच, हे बरेच जण विसरतात. सिगरेटने जखम भरायला उशीर होतो, तेवढी सोडाच.

शौचाला डांबरासारखं काळं चिकट झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, किंवा अचानक भयंकर दुखून पोट फळीसारखं कडक झालं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच इमर्जन्सीत जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण चक्कर येत असेल, घाम फुटत असेल तर तो विचार करत बसू नका, गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन निघा.