वीरगळ वाचायचा तो खालून वर

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तो पाहायचा तर सकाळी आठच्या आत गावात पोचा. मी स्वारगेटहून पहिली एसटी धरते, कारण ऊन डोक्यावर आलं की काळ्या दगडावरची उथळ नक्षी सपाट होऊन जाते. ऊन चुकलंच तर बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून तिरका उजेड पाडा. समोरून फ्लॅश मारून काही दिसत नाही. सोबत टेप, वही, पेन्सिल. खडू मात्र नको. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून मी पहिल्याच वीरगळावर खडूने रेघा ओढल्या, आणि घरी येऊन फोटो पाहते तर चांगल्या गाईचा मी घोडा करून ठेवलेला!

दगड बहुधा मारुतीच्या देवळामागे नाहीतर पाराला टेकवलेला सापडतो. शेंदूर दिसला तर चपला काढा, आधी विचारा. भोरच्या वाटेवरच्या एका गावात आजोबा म्हणाले, "बाई, ह्यो आमचा भैरोबा. हात लावा, पण खरवडू नका." बरोबर बोलले. शेंदूर हाही त्या दगडाचा एक थरच.

आता उकिडवं बसा आणि तळापासून सुरुवात करा. खालच्या चौकटीत लढाई असते. आडवा पडलेला तो वीर. शेजारी गाई असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना तो मेला असं धरा. (म्हणून तर ती गाय मला इतकी लागली.) हा थर गुरं राखणाऱ्यांचा, त्याला राजा लागतच नाही. बोरिवलीजवळ एकसरला याच जागी गलबतांची लढाई कोरली आहे.

त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. ही कल्पना संस्कृत काव्यपुराणांतली: रणात पडला त्याला स्वर्ग. आणखी वर वीर हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला, जवळ पुजारी. इथे घाई करू नका. कर्नाटकातल्या काही वीरगळांवर या जागी ध्यानस्थ तीर्थंकर आहेत. म्हणजे दगडाची ठेवण तीच, फक्त घरचा देव बदलला. माथ्यावर कलश, तो देवळाकडून आला. आणि चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याचं नाव राहो. हीच जोडी दानाच्या शिलालेखांवरही असते. अलिबागजवळच्या अक्षीच्या शके ९३४ च्या, म्हणजे इ.स. १०१२ च्या दगडावर ती पाहा.

एवढं उतरवून झालं की नावाकडे वळा. 'वीरगळ' हे कानडी 'वीरगल्लु'. कल्लु म्हणजे दगड. यात नवल नाही. पुण्याचा उल्लेख असलेले इ.स. ७५८ आणि ७६८ चे ताम्रपट राष्ट्रकूटांचे, आणि त्यांची पुढची राजधानी मान्यखेट कानडी मुलखातली. तिकडच्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो. आतकूरला तर दहाव्या शतकात रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचा दगड आहे, नावासकट! आपले बहुतेक मुके. त्यामुळे कुणी छातीठोकपणे साल सांगू लागलं तर मी सरळ विचारते, "कुठे लिहिलंय?"

वहीत चौकटी मोजून आखा, उंची-रुंदी टिपा, प्रत्येक चौकटीपुढे ती कुठून आली असेल ते लिहा. सगळ्या दगडाला मिळून एकच शब्द लिहायचा मोह आवरा. 'शैव' लिहिलं की गाई दिसेनाशा होतात.

निघण्याआधी आजूबाजूला बघा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर तो सतीचा दगड. त्या भैरोबाशेजारी असा एक होता. बांगड्यांना कुणीतरी ऑइलपेंटने हिरवा रंग दिला होता, ताजा.