आधी जागा ऐकावी, मग लय ठरवावी

कार्यक्रमाच्या ठिकाणी पोहोचल्यावर गायक-वादक बहुधा पहिल्यांदा माईकची चौकशी करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्याआधी ती जागा ऐकावी. जिथे बसून गायचे आहे तिथेच उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी आणि नाद पूर्ण विरेपर्यंत गप्प राहावे. तो झटक्यात संपला तर जागा कोरडी आहे; रेंगाळला तर किती सेकंद, ते घड्याळावर पाहावे. टाळीमागून थरथरता, तुटक आवाज आला तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती नाद एकमेकींकडे परतवत आहेत असे समजावे आणि त्यांपैकी एकीवर जाड पडदा सोडावा. त्यानंतर एक खर्जातला आणि एक तार सप्तकातला स्वर लावून एकदम थांबावे, कारण पडदे व सतरंज्या उंच स्वर चटकन शोषतात, पण खर्ज तसाच घुमत राहतो.

नाद ६० डेसिबलने उतरायला जो वेळ लागतो, त्याला निनादकाळ म्हणतात. टाळीवरून त्याचा केवळ अंदाज येतो, पण लय ठरवायला तेवढा पुरतो. समजा, द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर येतात. निनादकाळ एक सेकंद असेल तर पुढचा स्वर लागेपर्यंत मागचा साडेसात डेसिबलने उतरलेला असतो आणि तान दाणेदार ऐकू येते. तोच काळ चार सेकंद असेल तर मागचा स्वर दोन डेसिबलही उतरत नाही, त्यामुळे तानेचा गोळा होतो. तेवढाच स्पष्टपणा हवा असेल तर सेकंदाला दोनच स्वर घ्यावे लागतील. पुढच्या रांगेला कलाकाराचा आवाज थेट मिळत असल्याने हा दोष तिथे कमी जाणवतो. म्हणून सरावाच्या वेळी जाणत्या सहकाऱ्याला शेवटच्या रांगेत बसवावे.

घुमणाऱ्या जागेत केवळ लय उतरवून भागत नाही, स्वरांची निवडही बदलावी लागते. मागचा स्वर पुढच्यात मिसळणारच असल्याने षड्ज-पंचमासारख्या जोड्या तिथे भरून येतात, तर षड्जाला खेटून असलेला कोमल रिषभ सतत घासत राहतो. मोठ्या दगडी चर्चमध्ये संथ, सर्वांनी एकच सुरावट गायची प्रार्थनागीते शोभतात, ती यामुळेच. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस संगीतकार जोव्हान्नी गाब्रिएली यांनी गायक-वादकांचे वेगवेगळे गट दूर दूर उभे करून त्या वास्तूचा विस्तारच रचनेत वापरला. उलट दिशेचे उदाहरण जर्मनीतल्या बायरॉइटचे: संगीतकार रिचर्ड वाग्नर यांनी आपल्या संगीतासाठी नाट्यगृहच बांधून घेतले, वाद्यवृंद झाकलेल्या खड्ड्यात बसवला, आणि १८७६ मध्ये ते सुरू झाले.

जागा बदलणे आपल्याही हाती असते, आणि त्याचे गणित अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबिन यांनी मांडून ठेवले आहे. १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेत त्यांनी ते वापरले. घनमीटरमधील घनफळाला ०.१६ ने गुणून खोलीच्या एकूण शोषणाने (म्हणजे तेवढाच नाद गिळणाऱ्या उघड्या खिडकीच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने) भागले की निनादकाळ मिळतो. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा गिलावा केलेल्या रिकाम्या खोलीचे शोषण जेमतेम चार चौरस मीटर भरते, म्हणजे निनादकाळ साडेतीन सेकंदांच्या पुढे जातो. एका माणसाचे शोषण अर्धा चौरस मीटर धरले, तर पंधरा श्रोते बसताच तो सव्वा सेकंदावर येतो. रिकाम्या खोलीतल्या सरावावर विसंबून लय पक्की करू नये, ती याचसाठी. निदान बसण्याच्या जागी गाद्या अंथरून सराव करावा.

कोरड्या जागेत, तसेच उघड्या मैदानावर, मदतीला काहीच परत येत नाही. तिथे विलंबित लयीत स्वरांमधल्या फटी उघड्या पडतात आणि गायक नकळत आवाज ताणू लागतो. अशा वेळी तानपुऱ्याचा किंवा हार्मोनियमचा अखंड भराव ठेवावा, श्वासाच्या जागा जवळ घ्याव्यात, आणि ध्वनियंत्रणेत कृत्रिम निनाद द्यायचाच असेल तर तालवाद्याला न देता फक्त गळ्याला, शब्द पुसट होणार नाहीत इतपतच द्यावा.