उज्जाची गोष्ट मी लहान मुलांना सांगितली तेव्हा

संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, घ्यायला नव्यानं उभे राहणाऱ्यांना आधी एकच सांगते. वर्ग गप्प बसवायला देवाचं नाव वापरू नका. बाकीच्या चुका निस्तरता येतात. ही निस्तरायला मला वर्ष गेलं, आणि तो रविवार आठवला की अजून पोटात कालवतं.

मे महिना होता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पंखा गरम हवाच फिरवत होता. मुलं चुळबुळत होती, एक जण तर बायबलनंच वारा घेत होता. माझं डोकं फिरलं. मी बायबलातल्या 2 शमुवेल 6 मधली गोष्ट काढली : बैल अडखळले, गाडीवरचा देवाचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, सावरायला उज्जानं हात पुढे केला आणि तो जागीच मेला. "देवाच्या वस्तूशी खेळलं की असं होतं," असंही वर म्हणाले. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जमलं.

पुढच्या रविवारी सात वर्षांची एक मुलगी बायबल फ्रॉकच्या घेरात गुंडाळून घेऊन आली. काढ म्हटलं तर काढेना. "टीचर, हात लागला तर?"

मी काय गाळलं होतं ते घरी जाऊन वाचलं. कोश गाडीवर ठेवायचाच नव्हता. तो दांडे घालून खांद्यावर वाहायचा, त्याला हात लावायचा नाही, हे बायबलातल्याच गणना 4 आणि 7 मध्ये आधीच सांगितलेलं होतं. गाडीवर घालून पाठवण्याची रीत पलिष्ट्यांची, इस्राएलाच्या शत्रूंची. शिवाय गोष्ट तिथे संपतही नाही. तोच कोश पुढे तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहिला आणि देवानं ते घर आशीर्वादित केलं. मी मरणापाशी थांबले, कारण मरणानं वर्ग गप्प बसतो. हे कबूल करायला जड जातं.

"परमेश्वराचे भय" हे शब्द आपल्याला पाठ असतात, पण मुलाच्या कानाला भय म्हणजे अंधार, कुत्रा, बापाचा पट्टा. मला हे उलगडून दिलं पूर्व भागातल्या एका तेलुगू आजींनी. त्यांच्या बायबलात नीतिसूत्रे 1:7 मध्ये 'भयभक्तुलु' असा शब्द आहे, भय आणि भक्ती एकातच. "नुसतं भय असेल तर माणूस पळतो गं," त्या म्हणाल्या. मग निर्गम 20:20 नव्यानं वाचलं. मोशे लोकांना "भिऊ नका" म्हणतो आणि त्याच वचनात देवाचं भय तुमच्यापुढे राहावं असंही म्हणतो.

म्हणून शिकायचंच असेल तर अशा माणसाजवळ बसा, ज्याला तुम्ही एकट्यानं प्रार्थना करताना पाहिलंय. गिटार वाजवून मुलं खूश करणारे पुष्कळ भेटतील. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे तयार धडे मला मुळीच पटत नाहीत, आणि वचन पाठ केलं की चॉकलेट, हे तर नकोच. मुलं चॉकलेटची वाट बघतात.

लहानांना मी आता जळत्या झुडपापाशी नेते, म्हणजे देवानं मोशेला पायातलं काढ म्हटलं त्या गोष्टीकडे. चपला दाराबाहेर काढायला लावते, अर्धा मिनिट उभं राहू देते. घरात शिरताना चपला काढायची सवय त्यांना असतेच, फार बोलावं लागत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही क्रम दाखवते : आधी "आमच्या पित्या", मग "तुझे नाव पवित्र". पहिल्या वर्षी हे जमलं नाही तरी घाबरू नका. मुलं क्षमा करतात, मोठ्यांपेक्षा लवकर. मात्र चूक झाली की वर्गासमोर बोला. मी उज्जाची उरलेली गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि "मी तुम्हाला उगाच भिववलं" असंही म्हटलं.

ती मुलगी तरी बरेच महिने वचन शेजारणीच्या बायबलातून वाचायची. पावसाळ्यानंतर एका रविवारी डबा खाता खाता वाचायची तिची पाळी आली. भाकरीबरोबरची शेंगाचटणी बोटांना लागली होती. तिनं बोटं फ्रॉकला नीट पुसली, दोनदा, आणि स्वतःच्या बायबलाचं पान उलटलं.