पेनल्टीला रेफ्री आणि लाईनमन, या चुका टाळा

भातं कापून झाली की मालवण-कुडाळकडे फुटबॉल टुर्नामेंट सुरू होतात आणि दर वर्षी तेच, पेनल्टी दिली की रेफ्री एकीकडे बघतोय, लाईनमन भलतीकडे आणि निर्णय पब्लिक देतंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मॅचआधी न बोलणं. मी रेफ्री, माझ्याच हातून झालीये. सेमीफायनल, शेवटची पाच मिनिटं, पेनल्टी, कीपर शॉटच्या आधीच दोन पावलं पुढे आला आणि बॉल अडवला. मी बॉक्समध्ये, म्हणजे पेनल्टी एरियात, घुसणाऱ्या पोरांवर नजर ठेवून होतो, ते माझंच काम, म्हणून लाईनमनकडे पाहिलं तर झेंडा खाली, म्हटलं क्लीन असणार, खेळ चालू. पब्लिकमधून लगेच "मेल्या, डोळे खंय ठेवलंस रे?" नंतर चहा पिताना तो सांगतो, "सर, कीपर पुढे आलेला ना, मला वाटलं तुम्ही बघितलंत!" आता काय बोलणार, पोराची पहिलीच मॅच आणि मीच त्याला काही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून टॉसच्या आधी दोन्ही लाईनमनना घेऊन गोलपोस्टपर्यंत चालत जातो. किकच्या क्षणी कीपरचा एक पाय तरी रेषेवर नाहीतर रेषेच्या मागे पाहिजे (२०१९ पासून एकच पुरतो, जुन्या मंडळींना अजून पटत नाही). पाय नव्हता आणि सेव्ह झाला, झेंडा वर. बॉल पूर्ण आत, सेंटरकडे पळ. काहीच नसेल तर झेंडा खाली पण नजर माझ्याकडे. नुसतं ऐकवत नाही, करून दाखवायला लावतो. नवीन पोरांना याचा कंटाळा, एकाने तर सुचवलं इअरबड घालून फोन चालू ठेवूया! त्या मैदानात रेंजसाठी माडावर चढावं लागतं, राहू दे.

कीपर पुढे आला पण शॉट बाहेर गेला तर उगाच रिटेक देऊ नका, त्याच्यामुळे किकर स्पष्ट गडबडला असेल तरच. कीपरला पहिल्यांदा वॉर्निंग, परत केलं तर यलो.

कॉर्नर फ्लॅगला टेकून उभं राहणारे लाईनमन तर डोक्यात जातात. गोललाईनला पेनल्टी एरियाची रेषा मिळते तिथे उभं राहायचं. टायब्रेकरला (मॅच बरोबरीत सुटल्यावरच्या पेनल्टी) मात्र गोल एरियाची, म्हणजे गोलसमोरच्या छोट्या चौकटीची, ५.५ मीटरवाली रेषा मिळते तिथे, आणि दुसऱ्या लाईनमनने सेंटर सर्कलमधली पोरं सांभाळायची. वाऱ्याने रेषांची फक्की उडाली असेल तर मॅचआधीच परत मारून घ्या.

आणि चालू मॅचमध्ये पेनल्टीचा रिबाउंड आला, म्हणजे बॉल अडून परत खेळात आला, की तिथेच बघत बसू नका, टचलाईनवर पळा, ऑफसाईड काय चहावाल्याने बघायचा?