खड्डा न खणता बोर्ड वाऱ्यात उभा कसा ठेवायचा

एप्रिल-मे दोन महिने सोसायटीच्या गेटबाहेर आमचा आंब्याचा स्टॉल असतो. खाली पेव्हर ब्लॉक, त्यामुळे खुंटी ठोकायचा प्रश्नच नाही, आणि मागच्या वर्षी वळवाच्या आधी धुळीचा जो झोत येतो ना, त्यात आमचा 3 बाय 6 फुटी फ्लेक्सचा बोर्ड शेजारच्या स्कूटीवर आडवा झाला. आरसा फुटला तो भरून दिला, पण पाच मिनिटं आधी तिथंच एक ताई कडेवर लेकरू घेऊन आंबे बघत होत्या, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हे लिहितोय.

आमची चूक काय, तर फ्रेमचे पाय जेमतेम 1 फूट लांब होते आणि त्यावर चार विटा. लोक वजनच वाढवत बसतात, पण आधी पाय लांब करा. हिशोब साधा आहे, ताशी 40 किमीचा वारा समोरून आला की एवढ्या बोर्डावर साधारण 15 किलोचा रेटा बसतो, तो अडवायला 1 फुटी पायांवर 90 किलो ठेवावं लागेल आणि 3 फुटी पायांवर 30 किलोत भागतं. वेल्डरकडे जाऊन दोन्ही बाजूंना 3-3 फुटांचे स्क्वेअर पाइप लावून घ्या, दीड फूट पुढे, दीड फूट मागे. बोर्डही होईल तेवढा खाली बसवा, उंच गेला की लवकर कलंडतो.

पण 40 वर थांबू नका, कारण वारा 60 ला गेला की रेटा दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. म्हणून आम्ही पायांच्या चारही टोकांना 20-20 किलोची वाळूची पोती ठेवतो, वारा कुठून येईल सांगता येत नाही, आणि मागून आला तर पुढची पोती काहीच कामाची नसतात. पोतं गच्च भरायचं नाही, अर्धंच भरायचं, म्हणजे ते पाइपावर दोन्हीकडून लोळतं आणि घट्ट बसतं. मग रस्सीने पाइपालाच आवळायचं. प्लॅस्टिकची पोती उन्हाने महिन्या-दीड महिन्यात भुगा व्हायला लागतात, तेव्हा एकात एक दोन घाला. वाळू नसेल तर 20 लिटरचे पाण्याचे कॅन चालतात, 20 लिटर म्हणजे 20 किलो, आणि घरून रिकामे नेता येतात. फक्त रोज बघा, गळका कॅन म्हणजे वजन गेलं.

पाय लांब झाले की लोक अडखळतात, म्हणून बोर्ड भिंतीच्या कडेला लावा आणि टोकांना लाल-पांढरी टेप गुंडाळा. विजेच्या खांबाला रस्सी बांधू नका, झाडाला खिळे ठोकू नका. फ्लेक्सला अर्धचंद्र भोकं पाडायचा सल्ला सगळे देतात, त्याने रेटा फार कमी होत नाही आणि तिथूनच फ्लेक्स फाटत जातो, त्यापेक्षा प्रिंट करतानाच जाळीचा फ्लेक्स सांगा. आणि हॉलमध्ये ठेवतात ती रोल-अप स्टँडी बाहेर आणूच नका, ती शीडच असते.

13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली, तेही अशाच मे महिन्याच्या वाऱ्यात. आपला बोर्ड त्याच्यापुढे किरकोळ, पण लोखंडी फ्रेम डोक्यावर आली तर किरकोळ राहत नाही. म्हणून आकाश काळवंडलं, धूळ उडायला लागली, की पोती कितीही असू देत, बोर्ड उतरवून जमिनीवर आडवा ठेवायचा आणि त्यावर दोन पोती टाकायची. याच्यासाठीच आम्ही बोर्ड पायांना वेल्ड केला नाही, चार बटरफ्लाय नट लावलेत, पाना लागत नाही, गिऱ्हाईक उभं असलं तरी मिनिटात सुटतो.